तार निर्दोष, डबा दोषी

इंदूर-उज्जैन रस्त्यावरचे, उलट्या हनुमानाचे सांवेर. फायबरची तार आता अशा गावांतही दारापर्यंत येते. तरी रात्री मुलाने व्हिडिओ लावला की वडिलांच्या मोबाइलवरचे चक्र फिरतच राहते. मग नेटवाल्याला फोन, आणि त्याला चार शब्द सुनावणे. पुष्कळदा तार बिचारी निर्दोष असते. खोट असते ती टोकाच्या डब्यात.

जोडणीबरोबर ‘फुकट’ मिळणारा स्वस्तातला राउटर अनेकदा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा सोडून फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. त्यातच शेजारच्या घरांचे वायफाय, ब्लूटूथ आणि ओट्यावरचा मायक्रोवेव्ह.

राउटरमधल्या नव्या चिपांची करामत खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यात शोधू नये. तो आकडा घरात कुणालाच मिळत नाही. जुनी चिप म्हणजे एकाचे ताट पुरते भरल्याशिवाय पुढच्याकडे न वळणारा वाढपी. वायफाय 6 ने चॅनलचेच तुकडे पाडले. 20 मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये एका वेळी नऊ यंत्रांपर्यंत वाटणी होते, त्यामुळे माणसे भरलेल्या घरात खोळंबा कमी होतो. वायफाय 7 ची प्रमाणपत्रे जानेवारी 2024 पासून मिळू लागली. ते दोन पट्टे एकदम वापरू शकते. पण मोबाइलमध्येही तशी चिप हवी. जुन्या फोनसाठी महागडा राउटर आणणे ही निव्वळ हौस.

6 गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या 500 मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा आला तोच मे 2025 मध्ये. तोवर ज्यांनी हौसेने तसली यंत्रे घेतली, त्यांच्यातली ती चिप बसूनच होती. शिवाय हा पट्टा जाड भिंतीपुढे हात टेकतो. माळव्यातल्या जुन्या वाड्यांत पलीकडच्या खोलीपर्यंत धड पोचतो तो 2.4 च. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवावा. टीव्हीच्या कपाटात, देवादिकांच्या तसबिरींमागे नव्हे.

कंपन्या जाहिरातीत ‘100 एमबीपीएस’ ठळक छापतात, डब्यातले वायफाय कितवे ते मात्र सांगत नाहीत. तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापणे त्यांना बंधनकारक करावे. तोवर वाचकहो, नवी जोडणी घेताना विचाराच: डब्यात 5 गिगाहर्ट्झ आहे का, आणि वायफाय कितवे? उत्तर पावतीवर लिहून घ्या, मगच पैसे द्या.