जत्रेला येता, सातबाऱ्याचे काय?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतून तेलुगू हमखास कानावर पडते. इथल्या पद्मशाली विणकरांचे पूर्वज तेलंगणातून आले. चार-चार पिढ्या लोटल्या, तरी काही घरची मंडळी लग्नकार्याला, देवाला मूळ गावी जातात. त्यांची ओढ घराची अन् देवाची. विणकराकडे जमीन ती कितीशी असणार?

आपल्या गावांतून याच एमआयडीसीत कामाला गेलेल्यांचे तसे नाही. जत्रेला येतात, नारळ फोडतात, वाडवडिलांचा पडका वाडा पोरांना दाखवतात. सातबाऱ्यावर मात्र अजून वारलेले आजोबाच खातेदार! मग शेत कसणाऱ्या चुलतभावाचे पीककर्ज अडते, अनुदान अडते. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असा कायदा 1966 पासून आहे. कळवतो कोण?

2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती याचसाठी. तलाठ्यांनी जत्रेच्या दिवशीच चावडीवर बसून वारसांचे अर्ज घ्यावेत, सगळे भाऊबंद एका जागी सापडतात. येणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते बरोबर आणावेत. बहिणींचीसुद्धा, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत त्यांना भावाइतकाच वाटा आहे.