जाहीर इशारा : सीएसएमटीच्या आत अंदाजपंचे काम चालणार नाही

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य इमारतीत डागडुजी, रंगरंगोटी किंवा ‘सुशोभीकरण’ करू पाहणारे ठेकेदार, त्यांचे सल्लागार आणि अशा कामांच्या फायलींवर सही करणारे अधिकारी यांना हा जाहीर इशारा.

ही वास्तू ग्रेड-१ वारसा आहे. वारसा नियमावलीनुसार मजबुतीसाठी अत्यावश्यक असेल तेवढाच बदल करता येतो, बाहेर आणि आतही. २००४पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. ‘आतलं कोण बघतंय?’ ही सबब आता चालणार नाही.

आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, काम १८७८ ते १८८८चे. ‘गोऱ्यांची इमारत, तिचं एवढं काय कौतुक?’ असे म्हणणाऱ्यांनी तिकीटघरात जरा मान वर करून पाहावे. खिडक्यांच्या जाळ्या, पितळी कठडे, लाकडावरचे कोरीवकाम हे सारे आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे.

कोरीव दगडावर ऑइलपेंट फासला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि पानाफुलांच्या कडा पापुद्र्यांनी गळतात. चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरले तर सांधा टिकतो, फुटतो तो दगड. हे नुकसान कोणत्याही निविदेने भरून निघत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. मूळ आराखडे, जुनी छायाचित्रे आणि रंगाच्या थरांची तपासणी जनतेसमोर ठेवा. त्याआधी एकही छिन्नी चालता कामा नये.

२. मूळ रचना झाकणारी पार्टिशन्स, फॉल्स सीलिंग आणि केबल्सची जळमटे जिथे असतील तिथून हटवा. दगडात नवा खिळा ठोकू नका.

३. दुरुस्ती चुन्यातच करा. सँडब्लास्टिंग बंद.

४. पुरावा नसेल तिथे जागा मोकळी सोडा. मनाने रचलेली ‘पुरातन’ नक्षी म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, बनवाबनवी आहे.

या सूचनेपासून ३० दिवसांत लेखी खुलासा आला नाही, तर माहिती अधिकारात प्रत्येक मंजुरीची प्रत काढली जाईल, वारसा जतन समितीकडे तक्रार होईल आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. याचिकेत मंजुरीवर सही करणाऱ्याचे नाव हुद्द्यासह असेल. ‘वरून आदेश होता’ म्हणून कोणाचीही गय केली जाणार नाही. होणाऱ्या परिणामांस संबंधित स्वतः जबाबदार राहतील, याची नोंद घ्यावी.

— मुंबईचे नागरिक