परदेशातून परतलात? आधी रेशन कार्ड पाहा

सौदी, दुबई, कुवेतमध्ये दहा-पंधरा वर्षे घालवून कायमचे परतलेले भाऊ आपल्या बीड जिल्ह्यात अनेक मोहल्ल्यांत भेटतात. दावती होतात, घराचे राहिलेले बांधकाम निघते. सोबत आलेली शुगर आणि बीपी मात्र कुणाला आठवत नाही. एखाद्या रात्री छातीत दुखू लागते, खाजगी दवाखाना गाठावा लागतो आणि वर्षांची कमाई आठवड्यात जाते.

तिथे इलाज नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी आणि इकामा आहे तोवर कंपनीचा विमा. फायनल एक्झिट लागली की तो संपला. इथे मोठ्या इलाजाचा आधार घराच्या रेशन कार्डात आहे. नेमके त्यातच या माणसाचे नाव नसते. भाऊ वेगळे झाले तेव्हा नव्या कार्डात घालायचे राहिलेले असते, किंवा ई-केवायसीला अंगठा द्यायला तो गावात नसतो.

‘आम्ही पिवळ्या कार्डवाले नाही, आम्हाला काय मिळणार?’ हा समजही आता सोडायला हवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना 2024 पासून पांढऱ्या कार्डासह सर्वांना खुली झाली आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अट एवढीच, की आजार योजनेच्या यादीत हवा आणि रुग्णालयही योजनेतले हवे. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरती होतानाच त्याला गाठावे.

रोजच्या तपासणीला तर एवढेही लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून बीडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, म्हणून तिथे हा निर्णय लागू नाही. घरात सत्तरी ओलांडलेले अम्मी-अब्बा असतील, तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही.

म्हणून परतल्यावर पहिल्या महिन्यात तीन कामे करावीत. तहसीलच्या पुरवठा शाखेत रेशन कार्डावर नाव चढवून ई-केवायसी करावी. आधारला इथला चालू मोबाईल नंबर जोडावा. तिथले रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन आरोग्य केंद्रात एकदा शुगर-बीपी तपासून घ्यावे. गोळीचे कंपनीचे नाव इथे वेगळे असू शकते. पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव पाहून डॉक्टर तीच गोळी देऊ शकतात.

सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला परदेशातून आलेल्या माणसाला संकोच वाटतो. घामाची कमाई मुलांच्या शिक्षणासाठी राखायची असेल, तर तो संकोच बाजूला ठेवावाच लागेल. आणि ज्या बहिणींचे शौहर अजून तिकडेच आहेत, त्यांनी आजच कार्ड काढून त्यात त्यांचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर पुढच्या सुट्टीत, दावतीआधी, हे काम उरकावे.