इब्न बतूता गेला नाही, मग मी कशाला जाऊ?

गेल्या महिन्यात दुबईहून थोरल्या लेकीचा फोन आला. "अब्बा, तुमच्या रिटायरमेंटला आम्ही काहीच केलं नाही. येत्या डिसेंबरात तुम्ही आणि अम्मी अंटार्क्टिकाला जाऊन या. क्रूझचं सगळं आम्ही बघतो."

मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं फळ्यावर खडूनं दक्षिण ध्रुव काढला. पेंग्विन उत्तरेला नसतात आणि पांढरं अस्वल दक्षिणेला नसतं, हे पोरांकडून घोकून घेतलं. त्यामुळे खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या हिनं मात्र एवढंच विचारलं, "जहाज फार हलतं का?"

हलतं. अर्जेंटिनाच्या टोकावरच्या उशुआया बंदरातून निघालं की सुमारे हजार किलोमीटरची ड्रेक सामुद्रधुनी लागते. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. अडवायला जमीनच नसल्यामुळे पृथ्वीला गरगर वेढा घालणारा वारा आणि लाटा तिथं अंगावर येतात. त्यानंतर मग द्वीपकल्पाचे किनारे, हिमनग, पेंग्विनच्या वसाहती. दहा-अकरा दिवसांच्या अशा सफरीला माणशी सात-आठ लाखांपासून पुढं मोजावे लागतात, विमानाचं भाडं वेगळं. एवढ्या पैशांत आमच्या मोहल्ल्यातल्या दोन पोरींची लग्नं होतील, हा विचार आधी मनात आला. तो लगेच बाजूला ठेवला, कारण तो हिशेब लावायला बसलं तर माणसानं चहासुद्धा पिऊ नये.

लेकीला उत्तर देण्याआधी मी बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो अशाच एका जहाजावर हाउसकीपिंगमध्ये आहे. आमच्या रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत दर्यावर असलेला एक तरी मुलगा निघतोच. पूर्वी मालवाहू बोटी आणि टँकर होते, आता क्रूझही. भाचा आजवर अकरा वेळा अंटार्क्टिकाला जाऊन आलाय. मी विचारलं, "कसं आहे रे?" तर म्हणाला, "मामू, मी एकदाच उतरलो. तेही पाऊण तास. बाकी वेळा केबिनच्या खिडक्या पुसताना जेवढं दिसलं तेवढं."

एका वेळी शंभरापेक्षा जास्त पाहुणे किनाऱ्यावर नकोत, पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कुणालाच उतरवू नये, असे तिथले नियम आहेत. शंभरांची एक तुकडी वर येते तेव्हा दुसरी जाते. त्यात खलाशांचा नंबर कधी लागणार? पण भाच्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यानं मला बुटांबद्दल सांगितलं. उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट जंतुनाशकात बुडवायचे, खिशातलं गवताचं बी व्हॅक्यूमनं ओढून काढायचं, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विनला हा नियम ठाऊक नसतो, तो खुशाल पायाशी येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लू सापडला. खाली बसायलाही बंदी आहे. "मामू, माणसं पन्नास हजार डॉलर घालून येतात आणि उभी राहतात," म्हणून तो हसला. आकडा त्यानं फुगवला असणार, त्याची सवय आहे.

आता मास्तरकी थोडी करतो. १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन गृहस्थांनी पर्यटकांची टोळी अंटार्क्टिकाला नेली. त्यांनीच १९६९ मध्ये मुद्दाम अशा सफरींसाठी 'एक्सप्लोरर' हे जहाज बांधून घेतलं. पुढं मालक बदलले आणि २००७ च्या नोव्हेंबरात तेच जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फानं फुटून बुडालं. दीडशेहून अधिक माणसं होती, सगळी वाचली, कारण समुद्र शांत होता आणि दुसरी जहाजं जवळ होती. डिझेल मात्र पाण्यात गेलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोसमात सहा-सात हजार पर्यटक जायचे. २०२३-२४ च्या मोसमात ते सुमारे १ लाख २२ हजार होते. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यानं पाऊलही ठेवलं नाही, मोठ्या जहाजांच्या डेकवरूनच बघून ते परत फिरले.

हा आकडा पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढा आहे, मग त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण ही सगळी माणसं एका एवढ्याशा द्वीपकल्पाच्या काही ठरावीक जागी जातात. बर्फ नसलेली जमीन तिथं मुळात थोडी. पेंग्विनला घरटी घालायला तीच लागते आणि होडी लावायलाही तीच. २०२२ मध्ये चिलीतल्या सांतियागोच्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ राउल कोर्देरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजांच्या आणि तळांच्या धुराची काजळी बर्फावर किती बसते ते मोजलं. बर्फ काळवंडला की ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. २०१६ ते २०२० या काळात एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ जास्त वितळला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. आम्ही नवरा-बायको मिळून १६६ टन. सेल्फीसाठी.

जहाज कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं, जो एकदा तिथं जातो तो आयुष्यभर त्या भूमीचा वकील होतो. हे सगळं खोटं नाही. साउथ जॉर्जिया बेटावर ग्रितविकेन नावाची जागा आहे. १९०४ पासून साठ वर्षं तिथं व्हेल कापून तेल काढत होते. त्या काळात त्या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास व्हेल आणून कापले गेले. आज तिथं गंजलेल्या टाक्या उभ्या आहेत, शॅकल्टनची कबर आहे, पर्यटक येऊन फोटो काढतात आणि समोरच्या पाण्यात व्हेल पुन्हा दिसू लागलेत. तेल काढणाऱ्यापेक्षा फोटो काढणारा बरा, हे कोण नाकारेल? २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधन तेल वापरायलाही मनाई आहे. पण वकील होतो म्हणावं, तर दरवर्षी लाखभर नवे वकील तयार होत असताना मुवक्किलाची तब्येत सुधारायला नको का?

आणखी एक मुद्दा लेकीनं काढला आणि तो मला खरंच लागला. ती म्हणाली, "गोऱ्या लोकांनी पन्नास वर्षं सगळं बघून घेतलं. आता आमच्या हातात चार पैसे आले तेव्हा तुम्हाला पर्यावरण आठवलं." यावर माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. आपल्या पिढीनं विमान पहिल्यांदा बघितलं तेच गल्फला जाणाऱ्या भावाला सोडायला सांताक्रूझला गेलो तेव्हा. फिरण्यासाठी प्रवास ही गोष्ट आमच्या घरात आलीच नाही. माझी दादी मुंबईहून मुघल लाइनच्या बोटीनं हजला गेली होती. आठवडाभराहून जास्त दिवस बोटीत, डेकखाली, सोबत तांदळाची गोणी आणि सुक्या सोड्यांचा डबा. हजच्या बोटी १९९५ पर्यंत चालल्या. दादी मरेपर्यंत तिच्या बोलण्यात मक्का-मदिना तर असायचंच, पण अधूनमधून त्या दर्याचा रंगही यायचा. "इतका निळा की भीती वाटायची," म्हणायची. तेव्हा बघण्याची भूक आमच्यातही होती, फक्त तिला हजचं निमित्त लागलं.

कुरआनातही जमिनीवर फिरा आणि बघा असं वारंवार सांगितलंय, ते मला कुणी सुनवायला नको. उलट उत्तरेचा तो प्रदेश आपल्या लोकांनी फार पूर्वी बघितलाय. इसवी सन ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गाकाठच्या बुल्गारांकडे पोचला. तिथल्या उन्हाळ्यातली रात्र इतकी आखूड की इशाची अजान होते न होते तोच फजरचं उजाडलं. तिथल्या मुअज्जिननं त्याला सांगितलं की फजर चुकेल या भीतीनं तो महिनाभर रात्री झोपलाच नव्हता. (स्वालबार्डच्या लाँगइयरब्येनमध्ये तर एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. तिथल्या क्रूझवरच्या नमाजी माणसानं काय करावं, हे भाच्याला विचारलं तर म्हणाला, मोबाइलमध्ये मक्केची वेळ लावतो.)

पण मला आठवला तो इब्न बतूता. चौदाव्या शतकात मोरोक्कोपासून चीनपर्यंत ज्याचे पाय थांबले नाहीत तो. बुल्गारहून चाळीस दिवसांच्या वाटेवर 'अंधाराचा देश' आहे, तिथं कुत्र्यांच्या गाड्यांनीच जाता येतं, व्यापारी माल ठेवून मागं सरतात आणि न दिसणारी माणसं बदल्यात केसाळ कातडी ठेवून जातात, असं त्यानं लिहिलंय. त्याला जायचं होतं. मग त्यानं हिशेब केला: तयारी आणि खर्च प्रचंड, पदरात पडणार थोडंच. गेला नाही. तो बुल्गारलाही गेला नसावा, अशी शंका काही अभ्यासक घेतात, तो भाग वेगळा. जगाची एवढी हाव असलेला माणूस एका जागेबद्दल 'नको' म्हणू शकला, हे मला त्याच्या सगळ्या प्रवासाइतकंच मोठं वाटतं.

जावं लागतं तेव्हा जावंच. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज निघालं. त्यावर २१ भारतीय होते आणि म्होरके डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचे, अलीगढमध्ये शिकलेले, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले. ९ जानेवारी १९८२ ला ती मोहीम अंटार्क्टिकावर उतरली, भारताची पहिली. पुढं ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. मी वर्गात दरवर्षी त्यांचं नाव सांगायचो आणि मागच्या बाकावरची आमची पोरं ताठ बसायची, ते अजून डोळ्यांपुढं आहे. त्या जाण्यातून दक्षिण गंगोत्री उभी राहिली, मैत्री आणि भारती हे तळ झाले. त्या जाण्याला काम होतं. माझ्या जाण्याला काय आहे?

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याचा एक रिवाज आहे, अयादत. त्याचेही कायदे आहेत. थोडा वेळ बसावं, मोठ्यानं बोलू नये, घरच्यांना चहापाण्याच्या कामाला लावू नये. क्रूझच्या जाहिरातीत 'नाहीसं होण्याआधी बघून घ्या' अशा अर्थाचं काहीतरी असतं. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी शंभर-शंभर जण पाळीनं उभे, त्याच खोलीत विडी ओढत. नॉर्वेनं आपल्या स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक केले. संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांचं जहाज नको, पांढऱ्या अस्वलापासून निदान तीनशे मीटर लांब, आणि मार्च ते जून तर पाचशे. तिथं एका देशाचं सरकार आहे, म्हणून हे झालं. अंटार्क्टिका कुणाच्याच मालकीची नाही, त्यामुळे मोसमाला एकूण किती माणसं जावीत यावर आजही मर्यादा नाही. २०२४ च्या मे महिन्यात कोचीला अंटार्क्टिक कराराच्या देशांची बैठक झाली, यजमान आपणच होतो, आणि पर्यटनाच्या चौकटीवर तिथं काम सुरू झालं. ते लवकर पुरं व्हावं आणि त्यात एकूण संख्येला लगाम असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लगाम लागल्यावर मग चिठ्ठी टाकून गरिबाच्या पोरालाही नंबर लागू दे, भाच्यालाही.

भाच्याची अडचण मला कळते. जहाजं कमी झाली तर त्याचा करार जाईल. त्याच्या पगारावर बहिणीचं घर चालतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धनच्या बाजूच्या पोफळी आडव्या केल्या, त्यात तिची वाडीही गेली. पोफळ पुन्हा लावली तरी धरायला वर्षं लागतात. या वर्षांत घरात जो पैसा आला तो त्या बर्फातूनच आला. हे लिहिताना ते मी विसरलेलो नाही. आणि वाडी गेली तो समुद्रही त्याच समुद्राला जोडलेला आहे.

लेकीला मी नको म्हणून कळवलं. दोन दिवस तिनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि म्हणाली, "मग अम्मीला तरी विचारा." विचारलं. ही म्हणाली, "मला हलणारं जहाज नको. पण दादी गेल्या त्या दर्याचा रंग एकदा बघायचाय." जेद्दाला जाणारी बोट आता नाही. विमानातून तो रंग किती दिसतो, ते लेकीला विचारायला सांगितलंय.

भाचा नोव्हेंबरात परत निघेल. बहिणीनं सोडे सुकवायला घातलेत. मी त्याला म्हटलं, यंदा उतरायला मिळालं तर माझ्यासाठी दगड-बिगड काही आणू नकोस. म्हणाला, "आणू देतच नाहीत, मामू. बुटाला चिकटलेली मातीसुद्धा धुऊन घेतात."