इंग्रजी शब्द श्रमिकांच्या हाती

उच्च इंग्रजी शब्दसंग्रह म्हटले की सुस्थित घरांतील मुलांच्या परीक्षा आणि घोकलेल्या अवघड शब्दांच्या याद्या डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे इंग्रजीच्या मक्तेदारीला विरोध करणारा कार्यकर्ता हा विषय आपला नव्हेच, असे मानून मोकळा होतो. ही उदासीनता श्रमिकांना महागात पडते.

कारखान्याच्या फाटकावर इंग्रजी नोटीस लागते. तीत 'ले-ऑफ' असो, 'रिट्रेंचमेंट' असो वा 'लॉकआउट', कामगार एवढेच समजतो की काम गेले. कायद्याच्या लेखी मात्र या तिन्हींत मोठे अंतर आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्यांच्या व्याख्या होत्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही त्या आहेत. ले-ऑफमध्ये नोकरी तुटत नाही. वीज वा कच्चा माल नसल्याने काम मिळत नाही, आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. रिट्रेंचमेंटने नोकरीच संपते. तेथे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाचा हिशेब होतो. लॉकआउट म्हणजे मालकाने केलेली टाळेबंदी; ती कायदेशीर की बेकायदा, हा लढा निराळा. शब्द चुकला की मागणी चुकते आणि मागणी चुकली की हक्क बुडतो.

राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालावयाचे आहे. लोकभाषेत न्याय मिळावा हा आग्रह सोडता कामा नये. पण तोवर दुभाषावर विसंबून राहणेही परवडणारे नाही. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले'त सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते साहेबी थाटासाठी नव्हे.

यासाठी याद्या घोकण्याचे कारण नाही. 'पोर्ट' या लॅटिन धातूचा अर्थ वाहून नेणे. तो कळला की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हे शब्द आपोआप उलगडतात. स्थानकावरील पोर्टरही त्याच कुळातला. युनियनच्या अभ्यासवर्गात दर आठवड्याला एक खरी नोटीस घ्यावी, तिचा आशय आधी मराठीत नीट समजून घ्यावा आणि मग तिच्यातील प्रत्येक शब्दाची फोड करावी. वर्षभरात पन्नास नोटिसा वाचून होतील. त्यानंतर फाटकावर कागद लागेल तेव्हा त्याचा अर्थ विचारण्यासाठी कामगाराला मालकाच्याच कचेरीत जावे लागणार नाही.