फुकट वृत्ताचें मोल

समाजमाध्यमांनीं वर्तमानपत्रांची सद्दी संपविली आणि हें झालें तें बरेंच झालें, असें म्हणणारा एक वर्ग आमच्या सुशिक्षित समाजांत वाढत चालला आहे. पूर्वीं चार संपादक दाखवीत तेवढेंच जग आम्हांस दिसे; आतां ज्याच्या हातीं मोबाईल तो संपादक, आणि ज्याच्या घरीं लोणच्याची बरणी तो व्यापारी; ना मध्यस्थ, ना दलाल, असा या पक्षाचा एकंदर रोख आहे. हें मत ऐकावयास गोड आहे, आणि त्यांत सत्याचा अंश मुळींच नाहीं असेंही नाहीं. म्हणूनच त्याची झडती घेणें अवश्य आहे.

प्रथम प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें त्याच्या पदरांत घालूं. जुनीं पत्रें सोवळीं होतीं असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या दारांतून दलितांस सहजीं प्रवेश नव्हता. १९२० मध्यें 'मूकनायक' काढावा लागला तो या बंद दारामुळेंच. पुढें पैशाचा मोह सुटला, आणि २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकींत उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापल्याचा बभ्रा झाला. प्रेस कौन्सिलला २०१० मध्यें 'पेड न्यूज'वर अहवाल काढावा लागला. हा डाग पुसून टाकण्याजोगा नाहीं. परंतु या दोन दाखल्यांवरून निष्पन्न काय होतें? 'मूकनायक' काढणारांनीं दुसऱ्याच्या ओसरीवर जागा मागितली नाहीं. स्वतःचें पत्र काढलें. आणि 'पेड न्यूज'ची लाज वाटली ती एवढ्याचसाठीं कीं, बातमी निराळी व जाहिरात निराळी ही समजूत वाचकांच्या मनांत जिवंत होती. जाहिरातीस बातमीचा वेष चढविणें हें तेथें पाप गणलें गेलें. नव्या माध्यमांत तोच नित्याचा व्यवसाय होऊन बसला आहे.

जुनी जाहिरात निदान प्रामाणिकपणें निर्लज्ज होती. एस. टी. स्थानकासमोरची रंगविलेली भिंत किंवा वर्तमानपत्रांतील चौकट 'मी जाहिरात आहें' असें उघड सांगे, आणि वाचकही तिचें बोलणें रुपयास चार आणे या भावानेंच घेई. आतां 'इन्फ्लुएन्सर' म्हणून जी नवी जात उत्पन्न झाली आहे, ती आमच्या स्वयंपाकघरांत मैत्रीण होऊन येते, देव्हाऱ्यापाशीं वडीलधारी होऊन बसते, मुलांच्या अभ्यासांत दादा होते, आणि 'मी स्वतः हेंच वापरतें' असें सांगून मोबदला घेऊन निघून जाते. जाहिरात मानक परिषदेस २०२१ मध्यें आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागास जानेवारी २०२३ मध्यें, पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचें स्पष्ट सांगा, असा दंडक घालावा लागला. चोऱ्या होऊं लागल्या म्हणजेच गस्त वाढवावी लागते. शेजारणीच्या शब्दावर विश्वास ठेवणें हा आमच्या संसाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा. तोच येथें विक्रीस निघाला आहे.

'पण हें सर्व फुकट मिळतें ना?' असें कोणी विचारील. फुकट कांहींच मिळत नसतें. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्‌सॲप या तिहींची मालक जी मेटा कंपनी, तिचें २०२३ चें उत्पन्न सुमारें १३५ अब्ज डॉलर होतें, आणि त्यांतील सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा होता. जाहिरातदार एवढा पैसा ओततो तो कशासाठीं? तो आमचें लक्ष विकत घेतो. आम्ही काय पाहतों, कोठें थबकतों, कशानें संतापतों, याची नोंद ठेवून तें लक्ष त्याच्या स्वाधीन केलें जातें. म्हणजे या दुकानांत गिऱ्हाईक तो आहे, आणि आम्ही माल आहों. वर्तमानपत्रही जाहिरातीवर जगे, हें खरें. अंकाच्या किंमतींत त्याचा खर्च कधींच भागत नसे. परंतु वधूवरांच्या, भाड्याच्या जागांच्या आणि नोकऱ्यांच्या छोट्या जाहिरातींतून जो पैसा येई, त्यांतून तालुक्याच्या कचेरींत जाऊन बसणाऱ्या बातमीदाराचें वेतन निघे. जाहिरात गेली आणि तिच्यामागें तो बातमीदारही चालला. ज्यांच्याकडे ती गेली, ते तालुक्यास बातमीदार पाठवीत नाहींत.

यापेक्षांही मोठी हानि जबाबदारीची आहे. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक पत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आलें. ती बारीक टायपांतील ओळ कोणी वाचीत नाहीं. पण मजकूर खोटा निघाल्यास मान कोणाची धरावयाची हें ती सांगते. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे समजून पांच निरपराध माणसांना जमावानें ठेचून मारलें. ती अफवा मोबाईलवरून गांवोगांव फिरली होती. मारणारांवर खटले भरतां येतात. पण त्या अफवेखालीं कोणाचें नांव होतें? त्याच महिन्यांत व्हॉट्‌सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास आळा घातला. पांच जीव गेल्यावर पांचांची मर्यादा!

आतां, लहान व्यापाऱ्याचें काय, हा प्रश्न उरतो. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या गृहिणीस वा बचत गटास कोणत्या पत्रांतील जाहिरात परवडली असती? ही सोय खरी आहे, आणि ती आम्ही नाकारीत नाहीं. मात्र ती भाड्याच्या जागेंतील सोय आहे. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें आपली रीत बदलली, आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रस्थान दिलें, आणि दुकानांच्या व पत्रांच्या पानांना मागें सारलें. पुढें यावयाचें तर पैसे मोजा! ऑगस्ट २०२३ मध्यें तर, बातम्यांचें मोल देण्यास लावणारा कायदा कॅनडानें केला म्हणून, मेटानें त्या देशांत आपल्या माध्यमांवर बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यांत तेथें वणवे पेटून यलोनाइफ हें सबंध शहर रिकामें करावें लागलें, तरी ती बंदी उठली नाहीं. जो मध्यस्थ नाहीं म्हणून आम्ही आनंद मानीत होतों, तो असा एका रात्रींत दाराला कुलूप घालणारा घरमालक निघाला.

तेव्हां मोबाईल विहिरींत टाका असा उपदेश आम्ही करीत नाहीं. कोणी तो ऐकणारही नाहीं. आमचें मागणें साधें आहे. ज्या घरांत महिन्याकाठीं उपाहारगृहाच्या एका वेळच्या बिलास कोणी कुरकुरत नाहीं, त्या घरानें एक चांगलें वर्तमानपत्र आणि एक नियतकालिक पदरचे पैसे देऊन घ्यावें. तें चुकलें तर संपादकास खडसावून पत्र लिहावें, कारण पैसे देणारासच तो अधिकार असतो. कोणी कितीही गोड शब्दांत शिफारस केली तरी 'याचे पैसे कोणी दिले?' हा प्रश्न मुलांना विचारावयास शिकवावें. आणि ज्या मजकुराखालीं स्वतःची सही करण्यास आपण धजणार नाहीं, तो पुढें धाडूं नये. आपल्या बातमीचा खर्च आपण उचलला नाहीं, तर तो दुसरा कोणी उचलील. आणि जो उचलील, त्याच्याच सोयीची बातमी आपल्या घरीं येईल.