कैसरबागेतले भातखंडे

परवा आमच्या युनिटमधला साताऱ्याकडचा एक लान्स नाईक भेटायला आला. आर्मी कॅडेट कॉलेजसाठी एसएसबीला गेला होता, निवड झाली नाही. शेवटची एकच संधी उरली आहे. म्हणाला, "साहेब, जीकेचं अख्खं पुस्तक पाठ होतं. पण लेक्चरेटला उभा राहिलो आणि एका मिनिटात संपलो."

लेक्चरेट म्हणजे कार्डावरच्या चार विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं भाषण. तिथे राजधान्यांची यादी उपयोगी पडत नाही. एनडीएच्या परीक्षेसाठी मीही अशा याद्या घोकल्या होत्या. आज त्यातलं फारसं काही शिल्लक नाही.

मी विचारलं, "रविवारी कैसरबागेत जातोस ना? तिथल्या संगीत विद्यापीठाला भातखंडे हे मराठी नाव कसं?" तो गप्प. खरं सांगायचं तर लखनौला आल्यावर पहिले दोन महिने त्या पाटीवरून जाताना मलाही हा प्रश्न पडला नव्हता.

पडला तेव्हा वाचायला लागलो. विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मले, पेशाने वकील. देशभर फिरून त्यांनी घराण्यांतल्या चिजा गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या. १९२६ मध्ये इथलं संगीत महाविद्यालय सुरू झालं. कैसरबागेचा शोध घेताना ती बांधणारा वाजिद अली शाह भेटला. त्याचं राज्य इंग्रजांनी १८५६ मध्ये खालसा केलं. त्यांच्या बंगाल आर्मीतले कितीतरी शिपाई याच अवधचे! मग १८५७ आलंच. ते वाचताना पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी भेटले, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडलेले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. ते हिंदीत नेलं अमृतलाल नागर यांनी, आणि नागर लखनौच्या चौक भागातले. एका पाटीपासून निघालो आणि फिरून लखनौतच आलो. यातलं काहीही मला पाठ करावं लागलं नाही.

माझं मत एवढंच: सामान्यज्ञान साठवून होत नाही, ते एकमेकांत गुंफत जावं लागतं. लेखी परीक्षेला याद्या लागतात, हे मान्य. पण एका माहितीचा धागा दुसरीशी जुळला नाही, तर परीक्षा संपताच सगळं गळून जातं.

आपल्या मनाने वाचण्यात एक धोकाही आहे. माणूस आवडतं तेवढंच वाचतो. रेसिडेन्सीच्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. त्या वेढ्याबद्दल आत अडकलेल्या इंग्रजांनी लिहिलेलं वेगळं, आणि नागरांनी अवधच्या गावांत फिरून 'गदर के फूल'मध्ये गोळा केलेल्या आठवणी वेगळ्या. दोन्ही वाचल्याशिवाय मत बनवू नये. शत्रूच्या बाजूने नकाशा पाहायला आपल्याला शिकवलंच आहे की!

फौजी माणसाला दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव मिळतं. प्रत्येक पोस्टिंगला एक वही करा. आठवड्याला एक प्रश्न, तोही डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. निवृत्त झालेल्यांनी जुनी पोस्टिंग आठवून सुरुवात करावी. वेळ आहे, आठवणीही आहेत.

त्या पोराला वही दिली आणि कैसरबागेतल्याच अमीर-उद-दौला ग्रंथालयाचा रस्ता दाखवला. काल तो विचारत होता, "साहेब, हॅवलॉक १८५७ च्या नोव्हेंबरात दिलकुशात मेला, मग त्याची कबर आलमबागेत कशी?"

उत्तर मी सांगितलं नाही. त्याच्या हातात नकाशा दिला.